शहाजीराजपुरम् : राजाने वसवले, आगगाडीने पांगवले

पाहुणे आले की आपण त्यांना राजवाडा, सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख दाखवतो. पण मराठी राजाने वसवलेले एक आख्खे खेडे कुंभकोणमजवळ आहे, तिकडे आपल्यापैकी फार थोडे गेले असतील. तिरुविसनल्लूर हे ते गाव.

एकोजीराजांचे चिरंजीव, म्हणजे शिवरायांचे पुतणे शहाजीराजे 1684 साली तंजावरच्या गादीवर आले. 1693 मध्ये त्यांनी कावेरीकाठचे हे गाव 46 विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. गावाला शहाजीराजपुरम् हे नाव पडले. त्याच काळात जिंजीला मोगलांचा वेढा होता (1690-1698) आणि राजाराम महाराज तिथे होते. अशा धामधुमीत हा राजा पंडितांना घरे आणि जमिनी वाटत होता! 'जानकीपरिणय' नाटक लिहिणारे रामभद्र दीक्षित इथलेच. राजावर 'शाहेंद्रविलास' हे संस्कृत काव्य रचणारे श्रीधर वेंकटेश, ज्यांना लोक अय्यावाळ म्हणतात, तेही इथलेच. त्यांचे घराणे म्हैसूरकडचे, असे परंपरा सांगते. दान देताना राजाने 'तुम्हाला मराठी येते का' असे विचारलेले दिसत नाही. तो स्वतः मराठीबरोबर तेलुगूतही लिहीत असे.

असे वसवलेले गाव जमिनीच्या उत्पन्नावर टिकते. 1799 मध्ये राज्य कंपनीकडे गेले आणि आश्रय आटला. 1861 मध्ये नागपट्टणमहून तंजावरला आगगाडी आली, पुढे कुंभकोणमही रुळावर आले. कुंभकोणमला कॉलेज होतेच. वेदपाठी घरातला मुलगा इंग्रजी शिकला, कारकून झाला, वकील झाला आणि गाडीत बसून मद्रासला गेला. आपण रेल्वेवाले गाडीने गावे जोडली असे अभिमानाने म्हणतो. तिने ती रिकामीही केली, हेही म्हटले पाहिजे.

हे एकाच गावाचे नव्हे. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेय 1961-62 मध्ये याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहिले. पुस्तकात त्यांनी त्याला 'श्रीपुरम्' असे नाव दिले. तिथल्या 349 घरांपैकी 92 ब्राह्मणांची होती. जमिनी विकून शहराकडे जाणे तेव्हाच सुरू झाले होते.

मात्र अग्रहार ओस पडला म्हणजे गाव ओस पडले, असे आपण पटकन म्हणतो ते मला पटत नाही. 46 ही संख्या दान घेणाऱ्यांची. भात लावणारे, कापणारे त्यात नव्हते. ते आधीही होते, नंतरही राहिले. 1952 च्या तंजावर कुळ व पण्णैयाळ संरक्षण कायद्याने त्यांना प्रथमच काही हक्क कागदावर मिळाले. पण्णैयाळ म्हणजे आपल्याकडचा सालगडी.

गंमत अशी, की या भागातून निघालेली माणसे मुंबईत माटुंग्याला स्थिरावली, आणि आपण महाराष्ट्रातून निघून इथे क्वार्टरमध्ये राहतो. आपली मुले शाळेत तमिळ वाचतात. त्यांची मराठी किती टिकेल, हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात आहे.

तमिळ कार्तिकातल्या अमावास्येला अय्यावाळांच्या मठातल्या विहिरीत गंगा येते, अशी श्रद्धा आहे. त्या दिवशी गावाची वस्ती अचानक वाढते. पहाटेपासून विहिरीपाशी रांग लागते आणि त्या पाण्याने स्नान करून लोक परत गाडी पकडतात.