सम्राट थिओडोसियसाचें प्रायश्चित्त

सन ३९० मध्यें थेस्सलोनिका नगरांत रोमन सेनापति ब्युथेरिक यानें एका लोकप्रिय सारथ्यास कैदेंत टाकिलें, म्हणून चवताळलेल्या जमावानें त्यास ठार मारिलें. हें ऐकून सम्राट थिओडोसियस क्रोधांध झाला, आणि त्याच्या सैन्यानें दोषी-निर्दोषी न पाहतां नागरिकांची कत्तल केली.

मिलानचे बिशप संत आंब्रोज यांनीं सम्राटास देवळाच्या दारींच अडविलें, असें आपण चित्रांतून पाहतों. पण ती कथा मागाहूनची दिसते. वस्तुतः त्यांनीं त्यास स्वहस्तें एक खासगी पत्र लिहिलें. दावीद राजानें आपलें पाप कबूल केलें, तसें करण्यास सम्राटानें लाजूं नये; तोंवर त्याच्या समक्ष आपल्याच्यानें मिस्सा अर्पण करवणार नाहीं, असें त्यांत होतें.

सैन्य सम्राटाचें, बिशपाजवळ केवळ लेखणी! तरी थिओडोसियसानें आज्ञा मानिली. राजचिन्हें उतरवून त्यानें भर देवळांत अश्रु ढाळीत क्षमा याचिली. मेलेले त्यामुळें उठणार नव्हते, हें त्यासही ठाऊक असावें. सन ३९५ मध्यें तो निवर्तल्यावर चाळिसाव्या दिवशीं आंब्रोज यांनींच प्रवचन केलें, आणि सांगितलें कीं, त्या अपराधाबद्दल सम्राट हळहळला नाहीं असा पुढें एकहि दिवस गेला नव्हता.