रोह्याच्या खाडीतला ‘सॅमन’

पेण किंवा रोह्याच्या मासळीबाजारात रावस आला की कोळीण त्याला रावसच म्हणते. तोच मासा मुंबईतल्या एखाद्या हॉटेलच्या मेन्यूवर चढला की त्याचे ‘इंडियन सॅमन’ होते. खरा सॅमन उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकच्या थंड पाण्यातला. धरमतर आणि रेवदंड्याच्या खाड्यांशी त्याचा दूरान्वयानेही संबंध नाही. मग हे नाव इथे आले कसे? त्या नावाचा माग काढत गेले, तर वाट घाट चढून वर जाते आणि दोन तलाव, एक सत्याग्रह आणि कावेरीतला एक दुर्दैवी मासा यांच्यापर्यंत पोहोचते.

आरंभ स्कॉटलंडमधून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश सुखवस्तू समाजात गळाने सॅमन आणि ट्राउट पकडणे ही प्रतिष्ठेची करमणूक होती. तलावावरचा एक दिवस ठरवून घ्यायचा, नाव घ्यायची आणि सोबत एक वाटाड्या घ्यायचा. या वाटाड्याला ‘गिली’ म्हणत. गेलिक भाषेत त्या शब्दाचा मूळ अर्थ पोरगा, चाकर. वारा कोणत्या अंगाचा आहे, मासा कोणत्या खडकाआड दबून बसला आहे, हे त्यालाच ठाऊक असे. वल्ही त्याच्या हाती असत. दिवसअखेर नोंदवहीत मात्र मासा पाहुण्याच्या नावावर चढे. ही नोंदवही लक्षात ठेवावी. कथेच्या शेवटी ती पुन्हा उघडावी लागेल.

हा छंद इंग्रजांनीच या भूमीत आणला, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरणच आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला काय खाऊ घालून एका जागी रमवावे, काठी, दोरी, गळ आणि आमिष कसे असावे, याचा त्यात तपशीलवार विचार आहे. मराठीचे अभ्यासक हा ग्रंथ उघडतात तो त्यातील मराठी गीतांच्या जुन्या नमुन्यांसाठी. मत्स्यविनोदाकडे विज्ञानाच्या नजरेने पाहिले ते सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने, तेही १९५० च्या दशकाच्या आरंभी. राजाच्या पदरी माशांना रोज चारा घालणारी जी माणसे असतील, त्यांची नावे अर्थात ग्रंथात नाहीत. तेही गिलीच.

पुन्हा इंग्रजांकडे. हिंदुस्थानात आल्यावर त्यांना सॅमन-ट्राउटची उणीव जाणवू लागली. तिच्यावरचा पहिला उपाय म्हणजे मासाच इकडे आणणे. १८६३ मध्ये डॉ. फ्रान्सिस डे याने निलगिरीत ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला, तो फसला. त्या डोंगरात ट्राउट पक्का रुजायला विसावे शतक उजाडावे लागले. काश्मीरमध्ये १९०० साली ब्रिटनहून आलेल्या अंड्यांतून ट्राउटची पैदास झाली आणि पुढे तेथे ट्राउटच्या शिकारीचा मोठा बोलबाला झाला. सह्याद्रीत मात्र हे शक्य नव्हते. ट्राउटला बारमाही थंड आणि वाहते पाणी लागते. पाणी २०-२२ अंशांच्या वर गेले की तो त्रासतो. वैशाखातल्या कोकणात किंवा मावळात त्याचा निभाव लागणार नव्हता.

दुसरा उपाय सोपा होता: मासा तोच ठेवायचा, नाव बदलायचे. रावसाच्या बाबतीत हेच घडले. विज्ञानाच्या वहीत तो १८०४ मध्ये जॉर्ज शॉ याने नोंदवला. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘टेट्राडॅक्टिलम’ या शब्दाचा अर्थ ‘चार बोटांचा’. बाजारात रावस दिसला तर त्याच्या छातीच्या पराखाली पाहावे. चार सुटे धागे लोंबताना दिसतील. गढूळ खाडीत चाचपडत भक्ष्य शोधायची ती त्याची बोटे. खऱ्या सॅमनला अशी बोटे नसतात. पण अंगाची चांदी, भरीव मांस आणि समुद्रातून खाडीत शिरण्याची सवय एवढे साम्य साहेबाला पुरले. गंमत अशी की ऑस्ट्रेलियातही रावसाच्या कुळातल्या माशांना ‘सॅमन’ म्हटले गेले. साहेब जिथे गेला तिथे त्याला घरचा मासा आठवत राहिला.

रावस हा खाडीतला. घाटावर पोस्टिंग झालेल्या साहेबाने काय करावे? त्याला महाशीर सापडला. प्रवाहाविरुद्ध झेपावणारा, गळ लागताच दोरीची वेटाळी रिकामी करणारा, ताकदीला सॅमनच्या तोडीचा. दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर राहिलेला हेन्री सुलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक मंगळुरात छापले. महाशीर हा खेळाच्या बाबतीत सॅमनला हार जाणारा नाही, उलट वरचढच आहे, असा त्याचा आग्रह होता. ‘इंडियन सॅमन’ ही पदवी मग महाशीरालाही चिकटली. एकाच पदवीचे दोन मानकरी, आणि दोघांचे एकमेकांशी नाते काही नाही.

पण थोडे थांबून पाहिले तर या चुकीच्या नावात एक विलक्षण योगायोग दडला आहे. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढतो. रावस समुद्र आणि खाडी सांभाळतो, डोंगराकडे फिरकत नाही. महाशीर पावसाळ्यात वरच्या ओढ्यांकडे चढतो, पण समुद्राचे तोंड पाहत नाही. सॅमनचे आयुष्य जणू दोघांत वाटले गेले: खारे अर्धे रावसाकडे, गोडे अर्धे महाशीराकडे.

दख्खनच्या महाशीराची शास्त्रीय ओळख विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने करून दिली. १८२४ मध्ये एल्फिन्स्टनने त्याला दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर नेमले होते. गावोगावच्या लोकसंख्येची आणि पिकांची गणती करता करता तो मासेही जमवत गेला. त्याचा दख्खनच्या माशांवरील निबंध १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध झाला आणि त्यात त्याने एक फार चांगली गोष्ट केली: स्थानिकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून वापरली. खुद्री, कोळस, बोगुट, मल्या, शिंगाळा ही नावे आजही जगभरच्या संग्रहालयांतील बरण्यांवर आहेत. ‘नुक्ता’ नावाचा एक मासा आहे, त्याच्या नाकाडावर खोल खाच असते. मराठी माणसाला त्यात ‘नकटा’ लगेच ऐकू येतो. ही नावे साइक्सला सांगणारे भोई आणि कोळी कोण होते, हे त्याच्या निबंधात शोधून सापडत नाही. शब्द टिकले, सांगणारे गेले. टोर खुद्री, म्हणजे दख्खनी महाशीर, त्याला मिळाला तो पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या पात्रात.

मुळा हे नाव इथे महत्त्वाचे.

विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांच्या जलविद्युत योजना उभ्या राहिल्या. कल्पना धाडसी होती. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथे धरणे बांधून पूर्वेकडे इंद्रायणीला जाणारे पाणी अडवायचे, नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचे आणि त्या उतारावर वीज करायची. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. पाठोपाठ मुळशीला मुळा अडवली गेली आणि तिचे पाणी १९२७ मध्ये भिऱ्याच्या वीजघरात उतरले. स्वभावतः भीमा आणि कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला मिळणारे पाणी अरबी समुद्राकडे वळले.

ते कोणत्या वाटेने समुद्राला मिळते, हे नकाशावर बोट ठेवून पाहण्यासारखे आहे. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत जाते आणि पाताळगंगा पेणच्या उत्तरेला, खारपाड्याच्या पुलाखालून धरमतरच्या खाडीकडे निघते. भिऱ्याचे पाणी कुंडलिकेत जाते; कुंडलिका कोलाड, रोहा करत रेवदंड्याला समुद्राला भेटते. ज्या मुळा-मुठेच्या पात्रात साइक्सला खुद्री मिळाला, त्यातील मुळेचे पाणी आज रोह्याच्या पुलाखालून वाहते. महाशीराचे पाणी आणि रावसाची खाडी ज्या दोन ठिकाणी माणसाने एकमेकांना जोडली, ती ठिकाणे म्हणजे पेण आणि रोहा. दोन्ही ‘सॅमन’ एका प्रवाहाच्या दोन टोकांना आले. मधे मात्र वीजघर उभे राहिले.

या जोडणीची किंमत प्रथम माणसांनी मोजली. मुळशी खोऱ्यातील मावळ्यांची गावे आणि भातखाचरे पाण्याखाली जाणार हे दिसताच १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापट आणि वि. म. भुस्कुटे हे त्याचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली ती याच लढ्यामुळे. धरणाविरुद्धच्या संघटित लढ्यांत जगातील अगदी आरंभीच्या लढ्यांमध्ये याची गणना होते. लढा हरला. खाचरे बुडाली, वीज मुंबईला गेली.

माशांची किंमत सावकाश चुकती झाली. महाशीराला अंडी घालायला गोट्या-वाळूचा तळ आणि खळाळते पाणी लागते. धरणाची भिंत त्याची चढणीची वाट बंद करते; वर तलाव भरतो, खाली पात्र आटते. त्यातच सुरुंग लावून मासे मारणे आणि विणीच्या दिवसांत चढणीचे मासे पकडणे सुरू राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनचा महाशीर दुर्मीळ होत चालला, हे मत्स्यतज्ज्ञांनी नोंदवून ठेवले आहे.

महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्यात, टाटांच्याच तलावांवर, या माशाच्या विणीचा अभ्यास केला. पावसाळ्यात ओढे तलावाला मिळतात त्या मुखाशी पिकलेले नर-मादी गोळा होतात, हे त्यांनी हेरले. त्यांना जाळ्यात धरायचे, मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी भांड्यात घ्यायची, त्यावर नराचे रेत सोडायचे, मासे परत पाण्यात जाऊ द्यायचे आणि अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत उबवायची. वळवणला हे बीजकेंद्र उभे राहिले. ज्या भिंतीने वाट अडवली, तिच्याच पायथ्याशी पाळणा हलला. इतिहासाला असे विरोधाभास आवडतात. पुढे दशकानुदशके वळवणची महाशीरची पिले देशभरच्या नद्यांत आणि तलावांत सोडली गेली. आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत खुद्री ‘संकटग्रस्त’ राहिलेला नाही.

इथवर कथा गोड आहे. पुढे कावेरी येते.

कर्नाटकात कावेरीच्या काठी गळबाजांची शिबिरे चालत. पाहुणा परदेशातून यायचा. स्थानिक वाटाड्या त्याला टोपलीसारख्या गोल होडीतून डोहावर न्यायचा. मासा पकडून, वजन करून पुन्हा सोडून द्यायचा. वाटाड्यांपैकी काही जण पूर्वी चोरून मासे मारणारे होते. शिबिराने त्यांना पगार दिला आणि नदीला राखणदार मिळाले. या कावेरीत कुबड्या महाशीर असे. जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. १९७० च्या दशकापासून तिथे लोणावळ्याच्या वंशाचे खुद्री सोडण्यात आले. हेतू चांगला होता: नदीत महाशीर वाढावेत.

वाढले ते खुद्री. संशोधकांनी एका शिबिराच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदवह्या तपासल्या, तेव्हा एकूण मासे वाढत असताना कुबड्याचा वाटा घसरत गेल्याचे दिसले. पाहुण्याच्या फुशारकीसाठी ठेवलेली वही एका प्रजातीच्या ऱ्हासाचा पुरावा ठरली. तोवर त्या माशाचे शास्त्रीय नावही निश्चित नव्हते. २०१८ मध्ये तो टोर रेमादेवी असल्याचे ठरले आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. नाव मिळाले तेव्हा मासा जवळजवळ हातचा गेला होता.

महाशीर जपण्याची एक वेगळी रीत रायगड जिल्ह्यातच पाहायला मिळते. महाडजवळ बिरवाडीच्या परिसरात काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथले महाशीर वरदायिनी देवीचे मानले जातात. लोक त्यांना चुरमुरे, कणकेचे गोळे घालतात. गळ कोणी टाकत नाही. सोमेश्वराच्या मत्स्यविनोदातली चारा घालण्याची निम्मी क्रिया इथे शिल्लक आहे, पकडण्याची निम्मी गळून पडली आहे. इथे पिले आणून सोडावी लागली नाहीत आणि वहीही ठेवावी लागली नाही.

रोह्याला तलावावरची सॅमन-सफर कधीच लाभली नाही. वाटाड्यासोबत पाण्यावर घालवायचा दिवस मात्र तिथे आहे. कोलाडजवळ कुंडलिकेत सकाळी रबरी तराफे उतरतात. पुढे पाहुणे, मागे वल्हे धरून स्थानिक तरुण. सुमारे १२ किलोमीटरचा हा प्रवाह वर वीजघरातून पाणी सुटले तरच खळाळतो, म्हणून वेळ सूर्यावर नव्हे, विजेच्या मागणीवर ठरते. ऐन उन्हाळ्यात, आजूबाजूचे ओढे कोरडे असताना, तराफ्याखालून मुळशीचे पाणी धावते. दुपारपर्यंत वरचा जोर ओसरतो, गोटे उघडे पडतात, आणि तेच पाणी धाटावच्या कारखान्यांवरून, रोह्याच्या घाटांवरून, रावसाच्या खाडीकडे संथपणे निघून जाते.