सुरतेची मोगल सराई

सुरतेचे नाव निघाले की महाराष्ट्रीय मनात प्रथम येते ती लूट. १६६४ आणि १६७० या दोन सनांभोवती आपली सुरत फिरते, आणि शालेय पुस्तकांतून ती एका भरलेल्या तिजोरीसारखी दिसते. वस्तुतः त्या काळची सुरत ही तिजोरीइतकीच पांथस्थांची नगरी होती. तेथे सावकारांच्या हवेल्या होत्या, युरोपीयांच्या वखारी होत्या, तशाच परक्या माणसाला टेकावयास जागा देणाऱ्या सराया होत्या. त्यांतील एक, १६४४ साली बांधलेली, अद्याप उभी आहे. मोठ्या शहरांतील हॉटेलांचा इतिहास आपण मुंबईच्या वॉटसन हॉटेलापासून किंवा १९०३ साली उघडलेल्या ताजमहालापासून आरंभितो. त्याच्या कितीतरी मागे या सराईपाशी गेले पाहिजे, असे मला वाटते.

तिची गरज कशी उत्पन्न झाली हे समजण्यास समुद्राकडून शहराकडे यावे. तापीचे मुख गाळाने उथळ झालेले असल्यामुळे मोठी जहाजे सुवाळीच्या किनाऱ्याशी नांगर टाकीत, आणि तेथून माणसे व माल शहरात नेला जाई. आजही सुवाळी-हजिऱ्याकडून सुरतेस येताना इच्छापोर लागते. या गावाच्या परिसरात आता हिऱ्यांच्या व्यापाराची नवी संकुले उभी राहिली आहेत. तेव्हा अरबस्तान, इराण, तुर्कस्तान व युरोप यांचा हिंदुस्थानातील प्रवेश याच बाजूने होत असे.

अकबराने १५७३ मध्ये सुरत घेतल्यानंतर हे मोगलांचे प्रमुख बंदर झाले, आणि मक्केच्या यात्रेचे द्वारही. परंतु शिडाच्या जहाजांना माणसाची घाई ठाऊक नसते. ईशान्येच्या वाऱ्यावर ती तांबड्या समुद्राकडे निघावयाची आणि नैऋत्येच्या वाऱ्याने पावसाळ्याच्या अखेरीस परतावयाची. वारा चुकला, किंवा पोर्तुगीजांचा परवाना वेळेवर मिळाला नाही, की महिनेच्या महिने बंदरात काढावे लागत. प्रत्यक्ष अकबराची आत्या गुलबदन बेगम हिलाही १५७६ साली जहाजावर चढण्यापूर्वी सुरतेत सुमारे वर्षभर खोळंबून राहावे लागले. राजघराण्यातील स्त्रीची ही अवस्था, तर काबूलहून किंवा बंगालहून पायी आलेल्या गरीब यात्रेकरूची काय असेल?

शाहजहानच्या कारकीर्दीत सुरतेचा अधिकारी असलेल्या हकीकतखानाने १६४४ मध्ये सराई बांधली ती अशा यात्रेकरूंसाठी. सुरत बंदराचे उत्पन्न बादशहाने कन्या जहाँआरा हिला दिले तेही त्याच सुमारास. इमारतीचा घाट त्या काळच्या सर्व सरायांचा आहे: मध्ये विस्तीर्ण चौक, त्याभोवती खोल्यांच्या रांगा आणि एक भव्य दरवाजा, त्यावर फार्सी शिलालेख. अशा सरायांत पांथस्थाला भिंत, छप्पर, पाणी आणि रात्री बंद होणारे दार एवढे मिळे. अंथरूण-पांघरूण ज्याचे त्याने आणावयाचे. आजच्या हॉटेलातील गालिचे पाहून हे तुटपुंजे वाटेल. पण मक्केच्या वाटखर्चापुरती पुंजी कमरेला बांधून परक्या शहरात आलेल्या माणसाला सर्वांत अधिक हवे असे ते हे बंद दारच होय.

त्या दाराची कसोटी १६७० च्या ऑक्टोबरात लागली. शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर आले ते ३ ऑक्टोबरला, म्हणजे पावसाळा संपून तांबड्या समुद्राची जहाजे परत आल्यावर. सुरतेच्या सराया तेव्हा रिकाम्या असणे शक्यच नव्हते. इंग्रज व फ्रेंच वखारींच्या मध्ये असलेल्या तार्तार सराईत काशगरचा पदच्युत राजा अब्दुल्लाखान उतरला होता. मुलाने राज्यावरून हुसकल्यावर तो औरंगजेबाच्या आश्रयास आला आणि मक्केची यात्रा करून नुकताच परतला होता. त्याच्या लोकांनी दिवसभर मराठ्यांना थोपवून धरले आणि रात्री राजाला घेऊन ते किल्ल्यात निसटले. मागे राहिलेले सोने-चांदी आणि औरंगजेबाने दिलेल्या मौल्यवान भेटी मराठ्यांच्या हाती आल्या. उलट, नव्या सराईतील इराणी व तुर्की व्यापाऱ्यांनी हल्ला परतवून लावला. इंग्रज वखारीच्या रक्षणास सुवाळीहून स्ट्रेनशॅम मास्टर मोजक्या माणसांनिशी आला होता, आणि तीही टिकली. केवळ सराई या नावावरून यांपैकी एखादी हकीकतखानाची ठरविण्याची घाई कोणी करू नये. आपणास महत्त्व आहे ते एवढ्याचे की, शहराचा तट आणि सुभ्याचे सैन्य जे करू शकले नाहीत ते एका पांथशाळेच्या भिंतींनी केले. महाराजांच्या पराक्रमाचे वर्णन करताना ही बाजू सांगितल्याने त्या पराक्रमास उणेपणा येत नाही. त्यांच्यासमोर कोण उभे होते हे मात्र कळते. आमच्या विद्यार्थ्यांना काशगरच्या या राजाचे नावही माहीत नसावे, याचे वाईट वाटते.

पुढे सराईचा काळ पालटला. इंग्रजांनी १६८७ मध्ये आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले. १७५९ मध्ये सुरतेचा किल्लाच त्यांच्या ताब्यात आला. बंदराचे महत्त्व ओसरत गेले, आगबोटी आल्या, आणि यात्रेकरू मुंबईहून जाऊ लागले. १८५७ च्या धामधुमीत या वास्तूचा उपयोग तुरुंगासारखा केला गेला असे सांगतात. रात्री बंद होणारे दार याही कामास उपयोगी पडावे, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा.

१८६७ पासून तेथे सुरत नगरपालिकेची कचेरी आली. १९६६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तरी स्थान तेच राहिले. कोणी ती वास्तू स्मारक म्हणून जपली नाही. ती कामाला लागली म्हणून वाचली. यात्रेकरूंच्या खोल्यांत कारकुनांची मेजे आली, घरपट्टीची दप्तरे आली. भोवतालच्या वस्तीचे नाव मात्र पालटले नाही. महानगरपालिकेच्या पत्त्यातही ते ‘मुगलीसरा’ असेच लिहिले जात आले आहे.