वस्ती ही दत्तक घेण्याची वस्तू नाही!

वैद्यकीय विद्यार्थ्यांनी शिकत असतानाच गावात, वस्तीत जाऊन सेवा करावी, हे ऐकायला छान वाटते. पण ही सेवा कोण करतो, कोणाची करतो आणि कोणत्या नजरेने करतो? हे प्रश्न इतिहासाला विचारल्याशिवाय आपण टाळ्या वाजवू नयेत.

सुरुवात कल्याणपासूनच करू. १८६५ साली कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे बाळ जन्मल्यावर दहा दिवसांतच गेले. योग्य उपचार मिळाले नाहीत. पुढे त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांचे धाडस मोठेच आहे. बाईला पुरुष डॉक्टरसमोर जाण्याची चोरी होती, ती भिंत त्यांनी ओळखली. पण अस्पृश्य बाईपुढे शिवाशिवीची आणखी एक भिंत होती. आनंदीबाईंचा गौरव करणारे या दुसऱ्या भिंतीबद्दल मात्र गप्प बसतात.

ती भिंत माणूस कसा मारते, हे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवून ठेवले आहे. काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकायला तयार नव्हता. गावच्या वजनदार लोकांनी दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा तो आला, पण अट घालून. आजारी बाळंतिणीला तान्ह्या बाळासह वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला. परत आले तेही याच वाटेने. डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले, औषध पाठवले आणि पुन्हा तपासायला येणे नाकारले. ती बाई मेली.

मित्रांनो, हा डॉक्टर अडाणी नव्हता. रोग त्याला ओळखता आला होता. त्याच्या शिक्षणाने त्याला सगळे शिकवले, फक्त समोरचा माणूस आपल्या बरोबरीचा आहे एवढे शिकवले नाही. म्हणून वैद्यकीय शिक्षणात सेवा हवी की नको, हा वाद माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. त्या सेवेतून जात जाते का, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर त्या घटनेच्या ३२ वर्षे आधीच पुण्यात मिळाले होते. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी आपल्या डॉक्टर मुलाला, यशवंतला, बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगने आजारी मुलाला माईंनी स्वतः उचलून तिथे आणले. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. माईंकडे वैद्यकाची पदवी नव्हती. त्यांच्याकडे सत्यशोधक विचार होता आणि त्या विचाराला विटाळ माहीत नव्हता.

स्वतंत्र भारताने कोणता धडा घेतला? १९४६ च्या भोर समितीने समाजाकडे पाहणारा डॉक्टर घडवा असे सांगितले. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली सुरू झाले. तिथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव ‘दत्तक’ घेते. १९७७ च्या योजनेत प्रत्येक महाविद्यालयाने तीन विकास गटांची जबाबदारी घ्यावी असे ठरले. २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा ‘कुटुंब दत्तक कार्यक्रम’ पहिल्या वर्षापासून अभ्यासक्रमात आला. विद्यार्थ्याने काही कुटुंबांकडे नियमित जायचे, आरोग्याच्या नोंदी ठेवायच्या. योजना चांगली आहे. पण शब्द बघा, ‘दत्तक’! दत्तक लेकरू घेतात. मतदान करणारा, कर भरणारा, संविधानाने समान ठरवलेला नागरिक अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा दत्तक कसा होईल? खरे तर वस्तीच त्या विद्यार्थ्याला शिकवते. गटारीच्या कडेचे घर, नळाची वेळ, सफाई कामगाराची खोकल्याने गेलेली झोप, हे कुठल्याही पुस्तकात नाही. मग उपकार कोणाचे कोणावर?

आता आपल्या ठाण्याकडे या. कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ठाणे महापालिका चालवते. त्याला जोडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये २४ तासांत १८ रुग्ण दगावले. कळवा-मुंब्र्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंतचा गरीब माणूस तिथे येतो, कारण त्याला दुसरीकडे परवडत नाही. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांची सेवा ही रिकाम्या पदांवर टाकलेली चादर ठरू नये. कायम डॉक्टर आणि परिचारिका हा आपला हक्क आहे. शिबिराच्या गोळ्यांनी तो फिटत नाही.

म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी धरून बसावे. पहिली, वस्तीत येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासात जातीचा आणि आरोग्याचा इतिहास असावा, १९२९ चे ते पत्र त्यात वाचले जावे. दुसरी, विद्यार्थ्याच्या कामाचे मूल्यमापन प्राध्यापकांसोबत वस्तीतल्या बायांनीही करावे. तिसरी, शिबिरात सापडलेल्या रुग्णाचा पुढचा उपचार पालिका रुग्णालयात पूर्ण होईपर्यंत जबाबदारी महाविद्यालयाची असावी.

विद्यार्थी आले तर त्यांना जरूर घरात बसवा, चहा पाजा. आणि रक्तदाब मोजून झाला की विचारा, पुन्हा कधी येणार?

जय भीम! जय सावित्री!