टॉवरच्या लहरी आणि शरीरातली ऊब

शेजारच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आला की तुम्ही विचारता, "डॉक्टर, या लहरींनी अंग आतून तापतं का?"

ही ऊब वैद्यकाच्या जुन्या ओळखीची आहे. १८९०च्या दशकात फ्रान्सच्या दार्सोनव्हाल यांनी उच्च वारंवारतेची वीज शरीरातून सोडली. झटका बसला नाही, नुसती ऊब जाणवली. त्यातूनच पुढे डायथर्मी आली. फिजिओथेरपीत आजही तिने गुडघा शेकतात. लहरींमुळे पेशींतलं पाणी आणि क्षार हलतात, त्याची उष्णता होते.

पण तिथे यंत्र अंगाजवळ असतं. टॉवरपासून अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता साधारण पावपट उरते. किंचित उष्णता रक्त वाहून नेतं. २०१२मध्ये भारताने टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा ठरवली.

मात्र चालू अँटेनाच्या अगदी समोर उभे राहू नका. आणि पेसमेकर असेल, तर डायथर्मीआधी ते नक्की सांगा.