एमजीबीचे दुसरे इंजिन

मंडळी, आज जरा वेगळा इतिहास. राजेरजवाडे नाहीत, लढाया नाहीत. गोष्ट एका गाडीची आणि तिच्या पोटात घातलेल्या परक्या इंजिनाची.

एमजीबी ही इंग्लंडातली दोन माणसांची स्पोर्ट्स कार १९६२ साली बाजारात आली. देखणी, उघडी, आणि नोकरदाराला परवडेल अशी. आत १७९८ सीसीचे, चार सिलिंडरचे बिडाचे इंजिन. आपल्याला ते अगदी अनोळखी नाही बरं का! आपल्या अँबॅसडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच 'बी-सिरीज' घराण्यातले, धाकटे भावंड म्हणा. सोशिक, दणकट, पण फार उड्या मारणारे नव्हे. दशक सरता सरता हौशी मंडळींना ते तोकडे वाटू लागले.

आता दुसरे इंजिन. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६१ च्या ब्यूकसाठी ॲल्युमिनियमचे आठ सिलिंडरचे इंजिन काढले. वजनाला हलके, पण ओतकाम महाग, नि दोष निघायचे फार. १९६३ मध्ये त्यांनी ते बंदच केले. पुढच्या वर्षी रोव्हर कंपनीचे अमेरिकेतले प्रमुख ब्रूस मॅकविल्यम्स आपली इंजिने विकायला बोटीची इंजिने करणाऱ्या एका कारखान्यात गेले होते. तिथे कोपऱ्यात हे पडलेले दिसले. विकायला गेलेला माणूस खरेदीच्या गोष्टी करत परतला! १९६५ मध्ये रोव्हरने हक्क घेतले आणि ज्यो टर्ले हा ब्यूकचा निवृत्तीला आलेला अभियंता सल्ल्यासाठी इंग्लंडला गेला. अमेरिकेने टाकून दिलेले हे इंजिन रेंज रोव्हरसारख्या गाड्यांतून २००४ पर्यंत चालत राहिले. टाकाऊ कशाला म्हणायचे, ते ठरवणे अवघडच.

वजनाला हे जवळजवळ एमजीबीच्या जुन्या इंजिनाएवढेच, ताकद मात्र कितीतरी जास्त. केंट परगण्यातल्या केन कॉस्टेलो नावाच्या शर्यतबाज कारागिराने १९७० च्या सुमारास ते एमजीबीत बसवून गाड्या विकायला सुरुवात केली. तोवर एमजी आणि रोव्हर दोन्ही ब्रिटिश लेलँडच्या एकाच छपराखाली आल्या होत्या. म्हणजे इंजिनही घरचे, गाडीही घरची, आणि लग्न लावून दिले शेजाऱ्याने! १९७३ मध्ये कंपनीने स्वतःची 'एमजीबी जीटी व्ही-८' काढली, तीही फक्त बंद टपाची. त्याच वर्षी तेलाचे संकट आले. १९७६ पर्यंत २५९१ गाड्या झाल्या नि ते प्रकरण मिटले. १९८० मध्ये ॲबिंग्डनचा एमजीचा कारखानाही बंद पडला.

पण खरी मजा इथून पुढे आहे. रोव्हरच्या एसडी-१ गाड्या गंजून भंगारात जाऊ लागल्या, तशी इंजिने आणि पाच गिअरचे गिअरबॉक्स स्वस्तात मिळू लागले. लोकांनी ते घरच्या गॅरेजात बसवायला घेतले. एक गाडी जेमतेम मावेल एवढी जागा, छताला साखळीची कप्पी, मदतीला एखादा मेहुणा. इंजिन आत जाते, पण एक्झॉस्टचे पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला अडतात. मग काही जण चाकाच्या बाजूचा पत्रा कापून पाइप तिकडून काढतात. रेडिएटर पुढे सरकवावा लागतो. मागच्या आसाचे गिअरही बदलावे लागतात, मूळ ३.९ ला एक हे प्रमाण तसेच ठेवले तर नवे इंजिन हमरस्त्यावर उगाच ओरडत राहते. कारखान्याने स्वतःच्या गाडीला ३.०७ ठेवले होते. ब्रेक सुधारणे तर आलेच. गंमत म्हणजे १९७४ च्या अखेरीनंतरच्या रबरी बंपरवाल्या गाड्या जुन्यांच्या चाहत्यांना नावडत्या; पण त्यांच्या पुढच्या भागाचा पत्रा व्ही-८ ला सोयीचा, म्हणून घरच्या कारागिरांच्या त्या लाडक्या!

शुद्धतावाद्यांना हे मान्य नाही. इंजिनाचा नंबर मूळ नोंदीशी जुळला पाहिजे, नाहीतर गाडी बाटली, असे त्यांचे म्हणणे. त्यात अगदी तथ्य नाही असे नाही. मूळ इंजिन भंगारात गेले की एक पुरावा कायमचा जातो, आणि माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तराला ते टोचतेच. म्हणून जुने इंजिन तेल लावून, गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात जपून ठेवणारे मला जास्त आवडतात. पण नुसत्या शुद्धतेने किती गाड्या वाचल्या असत्या? ब्रिटिश नोंदणी खात्याचा कित्येक वर्षे एक नियम होता: बदललेल्या गाडीने जुना नंबर टिकवायला आठ गुण हवेत. सांगाड्याला पाच, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला फक्त एक! सरकारी बाबूंनी गाडीच्या आत्म्याला एवढे कमी गुण द्यावेत, याचे मला आधी हसू आले. मग वाटले, अँबॅसडरमध्ये पुढे इसुझुचे इंजिन आले, तेव्हा आपण तरी तिला दुसऱ्या नावाने कुठे हाक मारली?

आपल्याकडे उलटेही घडले. त्याच एसडी-१ चा देह घेऊन मद्रासच्या कंपनीने १९८५ मध्ये 'स्टँडर्ड २०००' काढली, आणि आत बसवले स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या जमान्यातले १९९१ सीसीचे म्हातारे इंजिन. तीन वर्षांत ती गाडी संपली.

असो. १९९३ मध्ये रोव्हरने 'एमजी आरव्ही-८' आणली: उघड्या टपाची, जुन्या एमजीबीवर बेतलेली, आत ३.९ लिटरचे तेच ॲल्युमिनियमचे इंजिन. घराघरांतले लोक वीस वर्षे जे करत होते, ते कारखान्याने शेवटी केले. दोन हजाराच्या आतबाहेर गाड्या झाल्या, त्यांतल्या बहुतेक जपानला गेल्या, आणि पुढे कित्येक तिथून पुन्हा बोटीने इंग्लंडात परतल्या.