मृत्युपत्रांतून सापडलेला पूर्वज

घराण्याचा मूळ पुरुष शोधावयास निघालेल्या माणसाला पहिला मोह पडतो तो नामसादृश्याचा. नाव जुळले, गाव जुळले, काळही थोडाफार जुळला, की वंशावळीची पोकळ जागा भरून काढण्याची घाई होते. या घाईत राजदरबारीचा अधिकारी पंडितही कसा फसतो आणि पुढे जुनी मृत्युपत्रे त्याची चूक कशी दुरुस्त करतात, याचे एक उदाहरण अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराण्याचे आहे.

इंग्लंडात सरदार-दरकदारांची कुळे व कुलचिन्हे तपासण्याचे एक स्वतंत्र खाते आहे. त्याचे प्रमुख सर आयझॅक हर्ड यांनी १७९१ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनना पत्र लिहून पूर्वजांची माहिती विचारली. २ मे १७९२ रोजी वॉशिंग्टननी सविस्तर उत्तर धाडले, पण त्यात कबूल केले, की या विषयाकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही. मूळ पुरुष इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा परगण्यातून आला, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले. परगणा कोणता, हे नक्की आठवत नव्हते. चार पिढ्यांत एवढी विस्मृती! जॉर्जचे वडील ऑगस्टिन, त्यांचे वडील लॉरेन्स आणि लॉरेन्सचे वडील जॉन. हा जॉन तंबाखूच्या व्यापारी जहाजावर नोकरीस राहून व्हर्जिनियात आला आणि १६५७ च्या सुमारास तिथेच स्थायिक झाला. मागून त्याचा भाऊ लॉरेन्सही आला.

हर्डसाहेबांना नॉर्थॅम्प्टनशायरमधील सलग्रेव्हच्या वॉशिंग्टन घराण्यात जॉन व लॉरेन्स ही भावांची जोडी सापडली आणि हेच ते दोघे, असे त्यांनी ठरवून टाकले. सत्तरएक वर्षे ही वंशावळ छापली जात राहिली. १८६६ मध्ये जोसेफ लेम्युएल चेस्टर या लंडनस्थित अमेरिकन संशोधकाने तिचा पायाच काढून घेतला. सलग्रेव्हचा जॉन हा ‘सर’ पदवी मिळालेला गृहस्थ, त्याचा भाऊ लॉरेन्स धर्मोपदेशक. दोघेही व्हर्जिनियात गेलेच नव्हते. खोटे खोडणे झाले, खरे काय ते मात्र चेस्टरला १८८२ मध्ये मरेपर्यंत सिद्ध करता आले नाही. ते काम हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स यांनी केले. बॉस्टनच्या वंशेतिहास संस्थेच्या वतीने ते लंडनच्या दप्तरखान्यात बसून जुनी मृत्युपत्रे एकामागून एक वाचीत असत. त्यांचा वॉशिंग्टनविषयक निबंध १८८९ चा.

त्यांना सापडले ते अगदी घरगुती स्वरूपाचे कागद. हर्टफर्डशायरमधील ट्रिंग गावच्या अँड्र्यू नोलिंग याने १६५० च्या सुमारास केलेल्या मृत्युपत्रात आपली जमीन लॉरेन्स वॉशिंग्टन या धर्मपुत्राला दिली आणि त्याच्या आईला, ॲम्फिलिसला, व तिच्या जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गरेट आणि मार्था या मुलांना रकमा ठेवल्या. ॲम्फिलिसला तो ‘डॉटर-इन-लॉ’ म्हणतो. आजच्या अर्थाने ती सून ठरेल आणि सारी वंशावळ बिघडेल. त्या काळी मात्र सावत्र मुलीलाही हाच शब्द लावीत आणि येथे तोच अर्थ आहे. ॲम्फिलिसचा पती कोण? तर हर्डसाहेबांनी ज्याला व्हर्जिनियात धाडले होते तोच धर्मोपदेशक लॉरेन्स! म्हणजे घराणे बरोबर होते, पिढी चुकली होती. बापाला मुलाच्या जागी बसवले गेले होते. हा लॉरेन्स राजपक्षाचा म्हणून यादवी युद्धाच्या धामधुमीत, १६४३ मध्ये, एसेक्समधील पर्ली येथील वृत्तीवरून काढला गेला होता. ॲम्फिलिस मृत्युपत्राविना वारली, तेव्हा तिच्या मालमत्तेची व्यवस्था थोरल्या मुलाकडे, जॉनकडे, सोपवली गेली. त्या नोंदीची तारीख ८ फेब्रुवारी १६५५, आपल्या हिशेबाने १६५६; कारण इंग्लंडात तेव्हा नवे वर्ष २५ मार्चला लागे. जॉन व्हर्जिनियात दिसू लागतो तो यानंतरच.

पलीकडचे कागद याला दुजोरा देतात. जॉनने २१ सप्टेंबर १६७५ रोजी व्हर्जिनियात केलेल्या मृत्युपत्रात बहीण मार्थाला दहा पौंड व चार हजार पौंड वजनाची तंबाखू ठेवली आहे. तिच्या प्रवासखर्चापोटी तिच्याकडे जे येणे होईल तेही माफ केले आहे. याच मार्थाच्या १६९७ च्या मृत्युपत्रात इंग्लंडमधल्या दोन बहिणी येतात, एलिझाबेथ आणि मार्गरेट. ट्रिंगच्या म्हाताऱ्याने लिहिलेली तिन्ही नावे सत्तेचाळीस वर्षांनी समुद्रापार पुन्हा एकत्र उमटली. नुसते जॉन आणि लॉरेन्स पुष्कळ असतील. हे तिघी बहिणींचे कुटुंब मात्र एकच.

परंतु मृत्युपत्र जसे नातलगांची नावे टिकवते तसे मालमत्तेचीही नोंद करते, आणि व्हर्जिनियात माणसे मालमत्तेत मोडत. ऑगस्टिन १७४३ मध्ये वारला. अकरा वर्षांच्या जॉर्जच्या वाट्याला शेतीबरोबर दहा गुलाम आले. ज्या कागदाने एका घराण्याची पिढी जोडली जाते, त्याच कागदात दुसऱ्या घराण्यांचा उल्लेख होतो तो बहुधा आडनावाशिवाय, आईबापांशिवाय. तेव्हा त्यांच्या वंशजांनी पूर्वज शोधावयाचा तर तो मालकाच्या दप्तरात. वॉशिंग्टननी १७९९ मध्ये माउंट व्हर्नन येथील ३१७ गुलामांची यादी केली, तीत जोडीदार व आयांखाली मुले नोंदली गेली, म्हणून ती आज मोलाची ठरते. त्यांतील १२३ त्यांच्या मालकीचे. पत्नीच्या मृत्यूनंतर या सर्वांना मुक्त करावे, असे ९ जुलै १७९९ च्या मृत्युपत्रात त्यांनी लिहिले. तिने तेवढी वाट न पाहता १ जानेवारी १८०१ रोजीच त्यांना मोकळे केले. पहिल्या पतीच्या इस्टेटीतून आलेल्या गुलामांना मात्र दोघांपैकी कोणालाच मुक्त करता येत नव्हते. ते तिच्या नातवंडांत वाटले गेले.

तत्काळ स्वातंत्र्य मिळाले ते एकालाच, युद्धात सतत बरोबर राहिलेल्या विल्यमला, वर्षाला तीस डॉलरच्या नेमणुकीसह. वॉशिंग्टननी त्याला १७६८ मध्ये ली नावाच्या कुटुंबातील विधवेकडून विकत घेतले होते. मृत्युपत्रात त्याचा उल्लेख ‘स्वतःला विल्यम ली म्हणवणारा’ असा आहे. आडनाव लिहिले गेले, पण ते त्याच्या म्हणण्यावर.